स्थानक, बाजार आणि मधली वर्षं

भर बाजारपेठेत बसस्थानक, मेट्रोचं स्थानक किंवा नुसता मोठा बसथांबा करायचं ठरलं, की पहिलं निवेदन व्यापारी संघाचं येतं. त्यातले मुद्दे शहर बदललं तरी फारसे बदलत नाहीत. गाड्या लावायला जागा उरणार नाही, कायमचं गिऱ्हाईक तुटेल, येईल ती नुसती गर्दी, रिक्षा आणि पथारीवाले दुकानाचं तोंड अडवतील, आणि काम कधी संपेल याचा भरवसा नाही. प्रशासन या सगळ्याला विकासविरोध म्हणून मोकळं होतं, आणि व्यापारी प्रशासनाला आपल्या पोटावर उठलेलं समजतात. पण या निवेदनांत दोन निरनिराळ्या भीती एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक भीती स्थानकाची आणि दुसरी स्थानक बांधून होईपर्यंतच्या काळाची. पहिली बहुतांशी चुकीच्या अंदाजावर उभी आहे आणि ती आकड्यांनी दूर करता येते. दुसरी मात्र खरी आहे. तिला उत्तर देण्याची सोय आपल्या कायद्यात नाही, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नाही आणि निविदेतही नाही. पहिली भीती खोडून काढली म्हणजे विरोधाला उत्तर दिलं असं मानलं जातं, म्हणून दर नव्या स्थानकाला तेच भांडण नव्याने सुरू होतं.

स्थानकाच्या भीतीपासून सुरुवात करू. मुळात बाजार आणि स्थानक यांचं वैर जुनं नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या दशकांत तालुक्या-तालुक्यात स्टँड उभे राहिले आणि त्यांच्याभोवती कापडाची, भांड्यांची, बी-बियाण्यांची, पाठ्यपुस्तकांची दुकानं वाढली. खेड्यातून आलेला माणूस पिशवी घेऊन उतरायचा आणि शेवटच्या गाडीच्या आत खरेदी उरकायचा. अनेक गावांत ‘स्टँडसमोर’ हा दुकानाच्या पत्त्याचा सर्वांत किमती भाग ठरला. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे मार्ग एकत्र येतात, म्हणून तिथला फुलबाजार आणि रानडे रोड साऱ्या मुंबईचा झाला. जपानमध्ये तर हान्क्यू या रेल्वे कंपनीने ओसाकातल्या उमेदा स्थानकाला लागूनच १९२९ साली स्वतःचं भव्य डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. गाडीतून उतरणारा माणूस हाच गिऱ्हाईक, हे तिच्या संस्थापकांनी धंद्याचं सूत्रच मानलं. मग आज तोच दुकानदार स्थानकाला का घाबरतो? कारण मधल्या काळात त्याच्या डोळ्यांपुढचं गिऱ्हाईक बदललं, निदान त्याला तसं वाटतं. दारासमोर गाडी लावून आत येणारा माणूस त्याच्या नजरेत भरतो. पायी आलेला भरत नाही.

नजरेचा हा दोष मोजला गेला आहे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली दोन बाजाररस्त्यांवरच्या दुकानदारांना विचारलं गेलं, की तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात. त्यांचा अंदाज ४१ टक्क्यांचा होता. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारल्यावर आकडा निघाला २२ टक्के. बर्लिनमधल्या दोन गजबजलेल्या रस्त्यांवरची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे दोन हजार गिऱ्हाइकांना आणि १४५ दुकानदारांना प्रश्न विचारले होते. दुकानदारांना वाटत होतं की २१.६ टक्के लोक मोटारीने येतात. खरा आकडा ६.६ टक्के होता. दुसरी तफावत याहून मोठी होती. एक किलोमीटरच्या आत राहणारी गिऱ्हाइकं साडेबारा टक्क्यांच्या आसपास असतील असं दुकानदार म्हणत होते, प्रत्यक्षात ती निम्म्याहून अधिक निघाली. विक्रीच्या पैशांपैकी ९१ टक्के पैसे मोटारीने न आलेल्यांच्या खिशातून आले होते. आणि जो दुकानदार स्वतः मोटारीने येत होता, त्याचा अंदाज जास्त चुकत होता. याचं कारण समजायला अवघड नाही. गाडीला जागा न मिळालेलं गिऱ्हाईक आत येऊन तक्रार करतं आणि ती तक्रार लक्षात राहते. बसमधून उतरून आलेली बाई साडी घेते, पैसे देते आणि निघून जाते. ती कशी आली हे तिला कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

परदेशातले आकडे इथे लावू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्याकडची साधी मोजमापं घेऊ. जुन्या पेठेतल्या गाळ्याचं तोंड दहा फुटांचं असतं, म्हणजे जेमतेम तीन मीटर. रस्त्याच्या कडेला उभी केलेली लहानशी मोटारही चार मीटरची असते, आणि ती आत-बाहेर काढायला पाच मीटर लागतात. म्हणजे दोन गाळ्यांमागे जेमतेम एका मोटारीची जागा होते. त्यातही सकाळी दहाला दुकान उघडताना मालकाने किंवा शेजारच्या मालकाने आपली गाडी तिथे लावली, तर गिऱ्हाइकाच्या वाट्याला दिवसभर काहीच येत नाही. आता अशा तीन मोटारींची जागा काढून तिथे बसथांबा केला असं धरू. तीन मोटारी तासभर उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीतून दोन माणसं उतरली, तर तासाला सहा माणसं आली. दर पाच मिनिटांनी एक बस आली आणि प्रत्येकीतून फक्त पाच जण उतरले, तरी तासाला साठ होतात. त्यातल्या दहांपैकी नऊ जणांनी दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही, असं मानलं तरी बरोबरी होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या आठ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडेच मोटार आहे. पुण्यासारख्या शहरात खरा प्रश्न मोटारींचा नसून दुचाक्यांचा आहे हे मान्य. दुचाकीला जागा कमी लागते आणि तिच्यावरून येणारं गिऱ्हाईक खरंच मोठं आहे. त्यामुळे स्थानकाच्या आराखड्यात दुचाक्यांचा तळ असायलाच हवा. ती मागणी व्यापाऱ्यांनी जरूर लावून धरावी. पण दुचाक्यांसाठी जागा मागणं वेगळं आणि स्थानकच नको म्हणणं वेगळं.

बसने येणारा माणूस हलकी खरेदी करतो, गाडीवाला मोठी, असंही म्हटलं जातं. एका फेरीपुरतं ते अनेकदा खरं असतं. पण लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा चालत, सायकलने आणि सार्वजनिक वाहनाने येणारे लोक स्थानिक दुकानांत मोटारवाल्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त खर्च करतात असं दिसलं, कारण ते वारंवार येतात. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिळवायला हवी. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. कापड, भांडी, दागिने, मुलांचे कपडे यांची निवड ज्या हातांनी होते, त्या हातांना तालुक्याच्या बाजारात येणं स्वस्त झालं. हे गिऱ्हाईक स्टँडपासून चालत जाता येईल अशाच दुकानात शिरणार. अर्थात सगळी दुकानं सारखी नसतात. ठोक व्यापारी, लोखंड, फरशी, फर्निचर, किराण्याची पोती यांचा धंदा टेम्पोवर चालतो. अशा पेठेत माल उतरवायच्या वेळा आणि जागा ठरवून दिल्या नाहीत तर स्थानक त्यांच्या मुळावर येईल. त्यांचा आक्षेप किरकोळ दुकानदाराच्या आक्षेपात बुडवून टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गर्दीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. स्थानकापाशी माणूस आणि विक्रेता एकाच चिंचोळ्या वाटेवर आले तर काय होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निघणारा धडा वाटा रुंद करण्याचा आहे, स्थानक बाजारापासून तोडण्याचा नाही. ठाण्यात स्थानकाच्या पश्चिमेला बसगाड्या उंचावर नेल्या. कल्पना चांगली होती, पण खाली रिक्षा, दुचाक्या, विक्रेते आणि पादचारी यांना वेगवेगळी जागा मिळेपर्यंत अशा कामाचा निम्माच उपयोग होतो. स्थानकाची दारं कुठे उघडतात, ती किती आहेत आणि त्यांच्यापासून दुकानांपर्यंतचा पदपथ किती रुंद आहे, यावर गर्दी धंद्याची ठरते की धोक्याची, हे अवलंबून असतं. व्यापारी संघांनी हरकती घ्यायच्या त्या या नकाशांवर घ्याव्यात.

आता दुसरी भीती, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. या टप्प्यात १८८६ साली उभ्या राहिलेल्या मंडईच्या शेजारीच एक स्थानक आहे, तुळशीबाग तिथून काही पावलांवर. आज त्या स्थानकातून वर येणाऱ्या माणसाला हा बाजार समोरच भेटतो. मुंबईच्या साडेतेहतीस किलोमीटरच्या मेट्रो तीनने काळबादेवी-गिरगावपर्यंत पोहोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. प्रत्येक ठिकाणी खोदकाम इतकी सगळी वर्षं चालत नाही. पण ज्या दुकानासमोर खोदकामाभोवतीचे हिरवे-निळे पत्रे उभे राहतात, त्याला दोन वर्षंसुद्धा पुरेशी असतात.

किरकोळ दुकानाचा पैसा कसा फिरतो ते पाहिलं म्हणजे हे समजतं. दुकानदार दिवाळीचा, लग्नसराईचा माल दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर उचलतो आणि हंगामात विकून ती उधारी फेडतो. पत्र्यांमुळे एक दिवाळी गेली तर माल अंगावर पडतो. कपड्यांची फॅशन उतरते, उधारी थकते आणि पुढच्या हंगामाला ठोक व्यापारी माल द्यायला कचरतो. भाडं, नोकरांचे पगार, विजेचं बिल मात्र थांबत नाही. इकडे गिऱ्हाईक दोन वर्षांत दुसऱ्या बाजाराला सरावतं किंवा मोबाइलवरून मागवायला लागतं. स्थानक सुरू झाल्यावर जी भरभराट येईल ती खरी असेलही, पण ती पाहायला हे दुकान शिल्लक असायला हवं. दुसऱ्या वर्षी बंद पडलेल्या दुकानाला पाचव्या वर्षीच्या गर्दीचा काय उपयोग?

तात्पुरतं हा शब्द किती लांबतो, याचं उदाहरण पुण्यातच आहे. नाशिक, नगर, मराठवाडा, विदर्भ या दिशांच्या गाड्या ज्या शिवाजीनगर एसटी स्थानकातून सुटायच्या, ते २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या भुयारी कामासाठी वाकडेवाडीला हलवलं गेलं. मूळची जागा रेल्वे स्थानकाला लागून होती आणि शहर बसच्या जाळ्याच्या मध्यावर. काम झालं की स्थानक परत येणार होतं. शिवाजीनगरचं मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हाही एसटी वाकडेवाडीलाच होती, आणि जुन्या जागेच्या पुनर्विकासाची चर्चा त्यानंतरही चालूच राहिली. म्हणजे रेल्वे, मेट्रो, शहर बस आणि एसटी एकाच ठिकाणी आणण्याची सोन्यासारखी संधी असताना त्यातली एक कडी बाहेरच राहिली. ज्यांचा व्यवसाय या स्टँडच्या प्रवाशांवर होता, त्या खानावळी, लॉज, फळवाले, रसवंत्या यांनी इतकी वर्षं कशावर तग धरायचा? व्यापारी एखाद्या तारखेवर विश्वास ठेवत नाहीत, याचा दोष त्यांच्या स्वभावाला देता येणार नाही.

आपल्या कायद्याचा आकार असा आहे की ज्याची जागा घेतली जाते त्याला मोबदला मिळतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने यात भाडेकरू आणि त्या जागेवर उपजीविका असलेल्यांनाही स्थान दिलं, हे मोठं पाऊल होतं. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी इमारती जाणार म्हटल्यावर तिथल्या रहिवाशांनी आणि गाळेधारकांनी आंदोलन केलं आणि त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचं तत्त्व मान्य करून घेतलं. पण ज्याची एक वीटही हलली नाही, फक्त दारासमोर पत्रा आला, तो या कायद्याच्या बाहेर राहतो. त्यातही मालक आणि भाडेकरू यांची स्थिती सारखी नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला चार टक्क्यांपलीकडे सहसा वाढत नाही, त्यामुळे तो तग धरून राहिला तर स्थानकाचा फायदा त्याला मिळतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर बसलेल्या दुकानदाराला ते संरक्षण नाही. खोदकामाचा तोटा त्याने सोसायचा आणि स्थानक सुरू झाल्यावर वाढलेलं भाडं मालकाने घ्यायचं किंवा त्याला उठवून मोठ्या कंपनीचं दालन आणायचं. असा माणूस स्थानकाला विरोध करतो तेव्हा तो त्याच्या हिशेबाने बरोबर असतो.

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरून ट्राम नेण्याचं ठरलं तेव्हा रस्त्याकडेच्या वाहनतळांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास जागा जाणार होती. दोन्ही बाजूंना व्हिएतनामी, हमोंग आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची छोटी दुकानं होती. जवळच्याच रॉन्डो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून काही दशकांपूर्वी महामार्ग नेऊन ती चिरली गेली होती, त्यामुळे सरकारी आश्वासनांवर कोणाचा विश्वास नव्हता. प्रकरण न्यायालयात गेलं. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं नाही, पण बांधकामाच्या काळात दुकानांचं किती उत्पन्न बुडेल याचा अभ्यास प्रकल्प अहवालात पुरेसा नाही असं ठरवून तो करायला लावला. छोट्या दुकानांना २० हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळालं, आणि धंदा त्याच रस्त्यावर टिकवला तर ते टप्प्याटप्प्याने माफ होणार होतं. आधीच्या आराखड्यात गाडी ज्या तीन वस्त्यांना ओलांडून जाणार होती, तिथेही लोकांच्या रेट्यामुळे स्थानकं मिळाली. जून २०१४ मध्ये गाडी सुरू झाली. माझ्या मते कर्जाची रक्कम मोठी नव्हती. पण बांधकामकाळातला धंद्याचा तोटा हा प्रकल्पाच्याच खर्चाचा भाग आहे, हे तत्त्व तिथे मान्य झालं. आपल्याकडे तेवढंही झालेलं नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. पैसा आधीच गोळा होतो आहे. मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर इथे एप्रिल २०२२ पासून घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटर परिसरात चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचं धोरण आहे आणि वाढीव बांधकामासाठी अधिमूल्य भरावं लागतं. स्थानकामुळे जमिनीची किंमत वाढते, म्हणून सरकार त्या वाढीतला वाटा घेतं, हे योग्यच आहे. मग त्याच स्थानकामुळे काही काळ ज्यांची कमाई घटते, त्यांना त्या वाट्यातून काही देणंही तितकंच योग्य आहे. यातून खोटे दावे येतील, रोखीचा धंदा लपवणारे दुकानदार आता तोटा फुगवून सांगतील, ही शंका प्रशासनाकडून ऐकू येते आणि ती निराधार नाही. पण दाव्यांवर विसंबायची गरजच काय? जीएसटी २०१७ पासून आहे. नोंदणी असलेल्या दुकानाची आधीची आणि कामाच्या काळातली उलाढाल त्याच्याच विवरणपत्रांत दिसते. नोंदणीच्या मर्यादेखालच्या लहान गाळ्याला, पत्रे जितके फूट तोंड झाकतात आणि जितके महिने झाकतात, त्या मापाने ठरावीक मासिक रक्कम देता येईल. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. ज्याच्याकडे त्याखालचं प्रमाणपत्र आहे, त्याला कामाच्या काळात जवळची पर्यायी जागा आणि स्थानकाच्या नकाशात आखून दिलेली कायमची जागा मिळाली पाहिजे. ही रक्कम दुकान चालवणाऱ्याच्या हातात जावी, जागेच्या मालकाच्या नव्हे. आणि ज्या मालकाला वाढीव चटईक्षेत्र हवं आहे, त्याने चालू भाडेकरूला स्थानक सुरू झाल्यानंतर किमान काही वर्षं त्याच अटींवर ठेवावं, अशी अट मंजुरीलाच जोडावी.

राहिली गोष्ट विलंबाची. काम मुदतीत झालं नाही तर कंत्राटदाराकडून दंड घेण्याची तरतूद अशा करारांत असते. तो दंड जातो काम देणाऱ्या संस्थेकडे. पत्र्यामागे बसलेल्या दुकानदाराचं नुकसान मात्र मुदत उलटलेल्या प्रत्येक महिन्याला वाढत जातं, आणि त्या दंडातला एक रुपयाही त्याच्या गल्ल्यात येत नाही. हा दंड बाधित रस्त्यावरच्या दुकानांना महिन्याच्या महिन्याला वाटला जाईल, असं एक कलम निविदेतच घालता येईल. पत्रे लावण्याआधी प्रत्येक रस्त्यावर गिऱ्हाइकं कशी येतात याची मोजणी व्यापारी संघ आणि महापालिका यांनी मिळून करावी, पत्र्याच्या प्रत्येक तुकड्यावर तो लावल्याची आणि काढण्याची तारीख लिहावी, आणि काढण्याच्या तारखेपासून दंडाचा हिशेब सुरू व्हावा.